काफिर म्हणजे नेमकं कोण, आणि त्याच्याशी कसं वागावं याबद्दल इस्लाम काय सांगतो?

प्रश्नात दोन आयती समोरासमोर ठेवल्या आहेत. एक ९:५ (म्हणजे कुराणाची नववी सूरा, पाचवी आयत), ‘मुशरिक (ईश्वराच्या जोडीला इतर देव मानणारे) सापडतील तिथे त्यांना मारा’. दुसरी १०९:६, ‘तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला’. विचारलंय की यातली खरी कोणती, आणि शेजारचा मुसलमान मला काफिर समजत असेल तर तो मला नक्की काय समजतो.

दोन्ही आयती कुराणातल्याच आहेत, त्यामुळे खरी-खोटी हा वाद तिथेच मिटतो. गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने. इस्लामी विद्येत या विषयाचे तीन स्वतंत्र भाग आहेत. मेल्यावर कोणाची सुटका होणार, हे अकीदा (श्रद्धेची तत्त्वं) आणि कलाम (त्यावरची तात्त्विक चर्चा) वाले बघतात. मुस्लिम राज्यात इतर धर्मीयांचा दर्जा काय आणि युद्ध कोणाशी, हे फिक्हवाल्यांचं, म्हणजे इस्लामी कायदा बघणाऱ्यांचं, खातं. आणि शेजारी, गिऱ्हाईक, नातेवाईक यांच्याशी रोज कसं वागायचं, हे मुआमलातचं. काफिर हा शब्द तिन्हीकडे येतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा परिणाम निराळा. अशा आयतींचे मेसेज, म्हणजे फॉरवर्ड, लिहिणारे एका भागातलं वाक्य उचलून दुसऱ्या भागात बसवतात. त्यांना उत्तर देणारेही बहुतेक वेळा तेच करतात.

आधी अकीदा. एकच ईश्वर आणि मुहंमद पैगंबरांचं प्रेषितपण यांपैकी कोणतीही एक गोष्ट नाकारणारा तो काफिर, ही परंपरेतली सरळ व्याख्या आहे. या व्याख्येने हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, ज्यू, नास्तिक सगळेच त्यात येतात. ज्यू आणि ख्रिस्ती ‘अहले किताब’, म्हणजे ईश्वरी ग्रंथ मिळालेले, असल्यामुळे त्यांना काही सवलती आहेत, पण बहुसंख्य उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मते तेही या व्याख्येबाहेर नाहीत. हे गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. जवळजवळ प्रत्येक धर्मात ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ अशी रेघ असते, ही इस्लामची रेघ.

पण रेघेबाहेरचा प्रत्येक जण नरकात जाणार का, यावर एकमत कधीच नव्हतं. ३:८५ आणि ९८:६ कडक आहेत. २:६२ आणि ५:६९ मात्र ज्यू, ख्रिस्ती, साबी (कुराणात उल्लेख असलेला एक जुना धर्मगट) यांपैकी जे ईश्वर आणि अंतिम दिवस मानतात व सत्कर्म करतात त्यांना भीती नाही असं म्हणतात. बहुतेक भाष्यकार या दोन आयती मुहंमद पैगंबरांच्या आधीच्या लोकांना लावतात, सगळेच नाही. शिवाय १७:१५ आहे: प्रेषित पाठवल्याशिवाय आम्ही शिक्षा करत नाही. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) याच धाग्यावरून बिगर-मुस्लिमांचे तीन गट केले. ज्यांच्यापर्यंत पैगंबरांचं नावही पोचलं नाही, ते माफ. ज्यांनी नाव ऐकलं पण लहानपणापासून ‘तो खोटारडा होता’ एवढंच ऐकलं, तेही माफ, कारण अशा माहितीवरून कोणाला शोध घ्यावासा वाटणार? तिसरा गट म्हणजे ज्यांच्यासमोर खरी ओळख आली आणि तरी ज्यांनी पाठ फिरवली. दोष फक्त त्यांचा. आपल्या काळातले बहुसंख्य रोमन (बायझंटाइन) ख्रिस्ती आणि तोवर मुसलमान न झालेले तुर्क ईश्वरी दयेत येतील, असं त्यांनी लिहून ठेवलंय. मातुरीदी हा कलामचा पंथ थोडा कडक आहे: प्रेषित आला नाही तरी निर्माता आहे एवढं बुद्धीने कळायलाच हवं. भारतातले हनफी याच पंथाचे (सुन्नींचे चार मजहब, म्हणजे कायद्याच्या परंपरा, आहेत; हनफी ही त्यांतली एक).

कुफ्रचे, म्हणजे काफिरपणाचे, प्रकारही पाडलेले आहेत. मनात पटलंय पण गर्वापोटी नाकारतो, तो एक (२७:१४ मध्ये फिरऔनच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, लोकांबद्दल हेच म्हटलंय). तोंडाने हो, मनात नाही, तो मुनाफिक. कुराणाच्या हिशेबात याची जागा सगळ्यात खाली (४:१४५). ज्याला काही माहीतच नाही, तो वेगळा. मौलाना वहीदुद्दीन खान यांचं म्हणणं असं होतं की सत्य पूर्ण उलगडून सांगितल्यावरही ज्यांनी ते हट्टाने नाकारलं ते पैगंबरांच्या काळातले विरोधक म्हणजे काफिर. आजच्या हिंदूला तो शब्द लावायचा अधिकार कोणालाच नाही, कारण मनातलं फक्त ईश्वराला ठाऊक. हे अल्पमत आहे, पण भारतातल्या एका जाणत्या आलिमाचं (धर्मपंडिताचं) आहे.

जाता जाता: या शब्दाचा मार सगळ्यात जास्त खाल्लाय तो मुसलमानांनीच. ६५७ च्या सिफ्फीनच्या लढाईनंतर खारिजींनी (अलींच्या बाजूतून फुटून निघालेल्या कडव्या गटाने) खुद्द अलींना, म्हणजे पैगंबरांच्या जावयाला आणि चौथ्या खलिफाला, काफिर ठरवलं आणि ६६१ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने त्यांचा खून केला. देवबंदी आणि बरेलवी या भारतातल्या दोन सुन्नी गटांत गेली शंभराहून जास्त वर्षं फतव्यांची देवाणघेवाण चालू आहे. १९५३ च्या लाहोर दंगलींच्या चौकशीत न्यायमूर्ती मुनीर यांनी एकेका आलिमाला मुसलमानाची व्याख्या विचारली. १९५४ च्या अहवालात नमूद आहे की कोणाही दोघांची उत्तरं जुळली नाहीत.

आता ९:५, कारण सगळं पेटतं ते इथे.

पहिली गोष्ट, आयतीत काफिर हा शब्दच नाही, मुशरिकीन आहे. दुसरी, ती एकटी वाचू नका. नवव्या सूरेच्या १ ते १३ आयती सलग वाचा, पाच मिनिटं लागतात. काळ हिजरी ९, म्हणजे इ.स. ६३१. त्याआधी ६२८ मध्ये मुसलमान आणि मक्केवाले यांच्यात हुदैबियाचा तह झाला, मक्केच्या बाजूच्या बनू बक्र टोळीने मुसलमानांच्या मित्र खुजाआ टोळीवर हल्ला करून तो मोडला, आणि ६३० च्या जानेवारीत मक्का पडलं. पुढच्या वर्षी हजच्या वेळी अलींनी जमलेल्या टोळ्यांपुढे हा जाहीरनामा वाचला. त्यात ९:२ प्रमाणे चार महिन्यांची मुदत आहे. ९:४ म्हणते, ज्या मुशरिकांनी करार पाळला त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत करार पाळा. मग ९:५ येते. लगेच ९:६: मुशरिकांपैकी कोणी आश्रय मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित ठिकाणी पोचवा. ९:७ मध्ये पुन्हा, ते सरळ वागतील तोवर तुम्हीही सरळ वागा. ९:१३ मध्ये कारण: शपथा त्यांनी मोडल्या, पहिला वार त्यांनी केला.

इथपर्यंत बहुतेक मुस्लिम वक्ते सांगतात आणि थांबतात. थांबू नये. ९:५ मध्येच सुटकेची अट अशी आहे: तौबा (पश्चात्ताप) करतील, नमाज पढतील, जकात (सक्तीचं धार्मिक दान) देतील तर सोडा. म्हणजे त्या विशिष्ट अरब टोळ्यांपुढे पर्याय खरोखरच अरुंद होता. पुढे कित्येक मध्ययुगीन भाष्यकारांनी या एका आयतीने शंभराहून अधिक मवाळ आयती मन्सूख, म्हणजे रद्द, झाल्या असं मानलं. १०९:६ सुद्धा त्यांच्या यादीत सापडते. याच्या उलट दिल्लीचे शाह वलीउल्लाह (मृत्यू १७६२) यांनी मन्सूख आयतींची सगळी संख्याच पाचावर आणली. फॉरवर्ड पाठवणारा जेव्हा म्हणतो की ‘मवाळ आयती रद्द आहेत’, तेव्हा तो परंपरेतलंच एक मत सांगत असतो, फक्त ते एकमेव मत असल्यासारखं.

खरा कायदेशीर मुद्दा मात्र याच्याही खाली आहे आणि तो क्वचितच कोणी मांडतो. फिक्हमध्ये प्रश्न विचारतात: लढाईची इल्लत काय, म्हणजे लढण्याचं कारण समोरच्याचा कुफ्र की त्याचं आक्रमण? चार सुन्नी मजहबांपैकी हनफी, मालिकी आणि बहुसंख्य हंबली म्हणतात, आक्रमण. पुरावा म्हणून ते दाखवतात की युद्धातही बायका, मुलं, म्हातारे आणि मठातले साधू यांना मारायला मनाई आहे. कुफ्र हेच कारण असतं तर साधू कसा सुटला असता? चौथ्या मजहबाचे संस्थापक इमाम शाफई यांचं प्रसिद्ध मत उलट आहे: कारण कुफ्रच. विसाव्या शतकात अल-अझहरचे प्रमुख महमूद शलतूत यांनी पहिल्या मताच्या बाजूने ठामपणे लिहिलं, आणि आजचे बहुतेक उलेमा तिकडेच आहेत. दहशतवादी संघटना दुसऱ्या मताचा आधार घेतात, तोही त्यातली राज्यकर्ता, करार आणि अभय यांची सगळी कुंपणं तोडून.

तुम्हाला स्वतः एखादी आयत तपासायची असेल तर क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. मग आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच वाचा. ४:८९ पाठवली असेल तर ४:९० गाळलेली असते (जे तह करून आहेत किंवा लढत नाहीत त्यांना हात लावू नका). २:१९१ असेल तर २:१९० (लढतात त्यांच्याशीच लढा, मर्यादा ओलांडू नका). ८:१२ ही ६२४ च्या बद्रच्या लढाईबद्दल आहे. हीच चाळणी दुसऱ्या बाजूलाही लावा. ‘एकाला मारणं म्हणजे अख्ख्या मानवजातीला मारणं’ ही ५:३२ सर्रास अर्धी सांगितली जाते. ती बनी इस्राईलला (ज्यूंना) दिलेला आदेश म्हणून येते, तिच्यातच ‘खून किंवा फसाद (उपद्रव माजवणं) याबद्दल नसेल तर’ असा अपवाद आहे, आणि ५:३३ मध्ये त्या फसादाच्या शिक्षा आहेत: ठार करणं, सुळी देणं, हातपाय तोडणं, हद्दपारी.

शांततेच्या काळात मुस्लिम राज्यात राहणाऱ्या बिगर-मुस्लिमाला जिम्मी म्हणत. जीव, मालमत्ता, पूजा यांचं संरक्षण राज्याकडे, बदल्यात जिझिया नावाची डोईपट्टी. ‘जिझिया म्हणजे बिगर-मुस्लिमांची जकातच’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, तर जरा आकडे मांडूया. हनफी दर वर्षाला १२, २४ आणि ४८ दिरहम. २०० दिरहमपेक्षा कमी मालमत्तेचा पण कमावता माणूस १२, २०० ते १०,००० वाला २४, त्यावरचा ४८. बायका, मुलं, आंधळे, अपंग, भिक्षेवर जगणारे साधू यांना माफी. जकात २०० दिरहमवर (साडेबावन्न तोळे चांदी) सुरू होते आणि अडीच टक्के असते. म्हणजे १५० दिरहम बाळगून असलेला विणकर मुसलमान असेल तर शून्य देणार, हिंदू असेल तर १२. उलट ५,००० दिरहमच्या मुसलमान व्यापाऱ्याला १२५ आणि त्याच ऐपतीच्या जिम्मीला २४. ९६० दिरहमच्या वर जिम्मीचा भार हलका होत जातो, खाली मात्र तो गरिबाच्या मानेवर बसतो. डोईपट्टीचा हा जुनाच दोष. शिवाय औरंगजेबाने १६६५ मध्ये व्यापारी मालावरचा कर मुसलमानांना अडीच आणि हिंदूंना पाच टक्के केला, आणि १६६७ मध्ये मुसलमानांचा तो माफच केला. त्यामुळे ‘हिशेब बरोबरीचा होता’ हे म्हणणं टिकत नाही.

मूर्तिपूजकाला जिम्मी करता येतं का, हाच मुळात वाद होता. ९:२९ मध्ये जिझिया अहले किताबपुरता आहे. शाफई आणि हंबली मतांत त्यात अग्निपूजक पारशी धरतात, आणखी कोणी नाही. हनफी आणि मालिकी मूर्तिपूजकांनाही घेतात. सिंधमध्ये ७१२ च्या सुमारास मुहंमद बिन कासिमने अरोर घेतल्यावर तिथल्या मंदिराला चर्च, ज्यूंचं प्रार्थनास्थळ आणि अग्यारीच्या पंक्तीत बसवलं, असं बलाझुरी हा नवव्या शतकातला इतिहासकार नोंदवतो. भारतातल्या सत्ता पुढे बहुतांशी हनफी निघाल्या म्हणून हाच शिरस्ता पडला. गंमत अशी की आपले कोकणी मुसलमान शाफई आहेत, त्यांच्या फिक्हच्या किताबात हिंदूंसाठी ही सोय कागदावर नाही. आणि तरी शेकडो वर्षं कोकणात गावं एकत्र नांदली. किताब आणि गाव यांच्यात अंतर असतं ते असं.

अकबराने १५६४ मध्ये जिझिया काढला, औरंगजेबाने २ एप्रिल १६७९ ला तो पुन्हा बसवला. त्याविरुद्धचं एक फारसी पत्र शिवाजी महाराजांच्या नावे प्रसिद्ध आहे (काही प्रतींत ते दुसऱ्या राजांच्या नावावर आहे). त्यातला युक्तिवाद पाहण्यासारखा आहे: कुराण ईश्वराला सगळ्या जगांचा पालक, रब्बुल आलमीन म्हणतं, फक्त मुसलमानांचा पालक म्हणत नाही. बादशहाला त्याच्याच ग्रंथातून उत्तर.

जिम्मीचा दर्जा संरक्षित होता, समान नव्हता. मुसलमानाविरुद्ध त्याची साक्ष बहुतेक मजहबांत चालत नसे. खुनाच्या भरपाईत हनफी मत समान दियत (खुनाबद्दलची भरपाई) देतं आणि जिम्मीला मारणाऱ्या मुसलमानाला देहदंडही. शाफई मतात मुसलमानाची दियत १२,००० दिरहम, तर ज्यू-ख्रिस्त्याची ४,००० आणि पारशाची ८००. एकाच धर्माच्या दोन मजहबांत एवढी तफावत, म्हणून ‘इस्लाम म्हणतो’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्याला आधी ‘कोणत्या मजहबात’ हे विचारावं. धर्म सोडणाऱ्या मुसलमान पुरुषाला चारही सुन्नी मजहबांत मृत्युदंड होता (हनफींत बाईला कैद). कुराणात मात्र याची ऐहिक शिक्षा नाही, आणि आधुनिक विद्वानांचा मोठा गट ती शिक्षा राजद्रोहाशी जोडतो. माझ्या मते सगळ्या विषयात २:२५६ च्या ‘धर्मात जबरदस्ती नाही’ला हा भाग सगळ्यात जास्त टोचतो.

हे सगळं राज्याच्या पायाशी बांधलेलं होतं, पाया बदलला तसं सुटत गेलं. उस्मानी साम्राज्याने १८५६ च्या फर्मानाने जिझिया मोडीत काढला. भारतात देवबंदी आलिम हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये मदिनेच्या कराराचा (पैगंबरांनी मदिनेतल्या मुसलमान आणि ज्यू टोळ्यांशी केलेल्या कराराचा) दाखला देत मांडलं की हिंदू आणि मुसलमान मिळून एक कौम, म्हणजे एक राष्ट्र, होतं. इंडोनेशियातल्या नहदलतुल उलमा या प्रचंड संघटनेने २०१९ मध्ये ठरवलं की देशातल्या बिगर-मुस्लिमांना काफिर म्हणू नये, नागरिक म्हणावं; कारण जिम्मी, हरबी (शत्रुराज्यातला बिगर-मुस्लिम) वगैरे खाती आजच्या राष्ट्रात अस्तित्वातच नाहीत.

राहिला रोजचा व्यवहार, आणि तुमच्या शेजाऱ्याचा प्रश्न खरं तर इथला आहे. पाया ६०:८: धर्मावरून जे तुमच्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागा. बुखारी या संग्रहातल्या हदीसप्रमाणे (पैगंबरांबद्दलच्या नोंदीप्रमाणे) पैगंबर वारले तेव्हा त्यांचं चिलखत तीस साअ (धान्याचं एक माप) जवासाठी एका ज्यूकडे गहाण होतं. म्हणजे उधार-उसनवार चालते. ज्यूची अंत्ययात्रा जाताना ते उभे राहिले आणि कोणी टोकल्यावर म्हणाले, तो जीव नव्हता का? आजारी बिगर-मुस्लिमाला भेटणं, त्याला भेट देणं-घेणं, नोकरी, भागीदारी, सगळं जायज. तुमच्या घरची पुरणपोळी खायला शास्त्राची आडकाठी नाही. मटणाला आहे, कारण जनावर कापणारा मुसलमान किंवा अहले किताब हवा (५:५). देवापुढे ठेवलेल्या प्रसादाला बहुतेक उलेमा नको म्हणतात. शेजाऱ्याने नाकारला तर तो अपमान समजू नका. जकात बहुमताने फक्त मुसलमानाला देता येते, ऐच्छिक सदका कोणालाही.

लग्न आणि वारसा ही दोन ठिकाणं मात्र अडतात. सुन्नी फिक्हनुसार मुसलमान पुरुषाला ज्यू-ख्रिस्ती स्त्री चालते, मूर्तिपूजक नाही (२:२२१), मुसलमान स्त्रीला फक्त मुसलमान. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की मुसलमान पुरुषाचा हिंदू स्त्रीशी निकाह फासिद, म्हणजे अनियमित, आहे, बातिल, म्हणजे मुळातच रद्द, नाही. मुलं औरस, बापाच्या मालमत्तेत त्यांना वाटा, बायकोला मेहर मिळेल पण वारसा नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर ही अडचण येत नाही, तिथे वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. फिक्हमध्ये मुसलमान आणि काफिर एकमेकांचे वारस होत नाहीत, पण मालमत्तेच्या एक तृतीयांशपर्यंत वसियत (मृत्युपत्र) बिगर-मुस्लिमाच्या नावे करता येते. हिंदू घरातला मुलगा मुसलमान झाला तर १८५० च्या कायद्यामुळे त्याचा स्वतःचा हक्क जात नाही. धर्मांतरानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना मात्र १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे हिंदू आजोबांच्या मालमत्तेत वाटा मिळत नाही, वारसा उघडताना ती मुलं हिंदू असली तर गोष्ट वेगळी.